आमच्या नर्सबाई कुठल्या, आणि पुढे काय शिकणार

मे महिन्याच्या १२ तारखेला जगभर परिचारिका दिन पाळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा जन्म १८२० साली त्या तारखेला झाला, म्हणून. आपल्या खानापूर-बेळगाव भागात मात्र हा दिवस नेमका अशा वेळी येतो की शेतकऱ्याला मान वर करायला सवड नसते. शेणखत ओढायचे, बांध दुरुस्त करायचे, काजूचा शेवटचा माल विकायचा आणि वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की धूळवाफ पेरणीची घाई. त्यामुळे दरवर्षी हा दिवस कोरडाच जातो. यंदा आम्ही ठरवले की, रजेवर घरी आलेल्या आणि इथल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या परिचारिकांना एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये बोलवायचे. भाषणे नकोत, हारतुरे नकोत. तुमचे गाव कोणते, शिकलात कशा, पुढे काय शिकायचे मनात आहे, एवढेच आपल्या लोकांना सांगा, अशी विनंती केली.

सात जणी आल्या. चौघी आपल्याच बेळगाव-खानापूर तालुक्यांतल्या, एक चंदगडकडची, एक केरळातून आलेली धर्मभगिनी आणि एक पार झारखंडची. दोघींनी सांगितले की आमची नावे छापू नका. मग आम्ही कुणाचेच नाव छापायचे नाही असे ठरवले. समोर ऐकायला पन्नासेक माणसे होती, त्यांत मुलींच्या आया पुढे आणि बापे भिंतीला टेकून मागे, हे आपल्याकडचे नेहमीचेच.

सिस्टरांनी सुरुवात केली. त्यांचे मराठी चांगले आहे, फक्त ‘ळ’ आमच्यापेक्षा अधिक ठसठशीत उच्चारतात. त्या वायनाडच्या. आजोबा मूळचे त्रावणकोरचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई झाली तेव्हा त्रावणकोरातील पुष्कळ ख्रिस्ती शेतकरी जमिनी विकून उत्तरेला मलबारच्या डोंगरात गेले, त्यांतले हे एक कुटुंब. जंगल तोडून कसावा लावला, मग मिरी, मग कॉफी. त्या वेळी वायनाडात हिवताप भयंकर होता. आजी हिवतापानेच गेली. कोसा-कोसावर डॉक्टर नाही, सुई देणारेही कुणी नाही. “आमच्या घरात पहिली नर्स झाली ती माझी आत्या. आजोबांनी बायको गमावली होती, म्हणून मुलीला शिकायला पाठवताना त्यांनी कुणाचे ऐकले नाही,” असे सिस्टर म्हणाल्या. ही आत्या १९६० च्या दशकात जर्मनीला गेली. त्या काळात जर्मनीतल्या रुग्णालयांना परिचारिका मिळत नव्हत्या, आणि चर्चच्या ओळखीतून केरळच्या हजारो मुली तिकडे गेल्या. आत्याने पाठवलेल्या पैशांतून घरावर कौले आली, विहीर बांधली गेली, धाकटी भावंडे शिकली. पुढे २००० सालाच्या आसपास मिरीचे आणि कॉफीचे भाव कोसळले, त्यात मिरीच्या वेलांना मर रोग लागला, शेजारची घरे कर्जात बुडाली. सिस्टरांच्या घरी बहिणींचे पगार होते म्हणून जमीन राहिली.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की केरळच्या मुली जन्मतःच नर्स होतात. त्यामागे अशी शेती आणि अशी मरणे आहेत, हे आम्हालाही त्या दिवशी प्रथमच नीट कळले.

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती इथे द्यायला हवी. पूर्वी धर्मभगिनींना बाळंतपण करण्याची चर्चचीच परवानगी नव्हती. तेव्हाच्या हिंदुस्थानातील रावळपिंडीला काम करणाऱ्या ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरबाईंनी पाहिले की पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि घरातच मरतात. त्यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ काढला, पण पूर्ण अडसर दूर झाला तो रोमने १९३६ साली परवानगी दिली तेव्हा. गुंटूरला मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० पासून धर्मभगिनी म्हणून काम करीत होत्या. त्यांनी १९४३ साली कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. आज आपल्या धर्मग्रामातला दवाखाना छोटा दिसतो, पण त्याची मुळे इतकी मागे जातात. आणि एकूण देशाची स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशेब आहे की साऱ्या हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्यांतल्याही बहुतेक ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन, कारण इतरांना परक्याच्या अंगाला हात लावण्याचे काम हलके वाटे. आमच्या मिरजेला वॉन्लेस साहेबांच्या इस्पितळात शिकून आलेल्या नर्सबाईला गावात पाणी वेगळ्या तांब्यातून देत, असे एका आजीबाईंनी मागून उठून सांगितले. सिस्टर हसल्या. “आमच्याकडेही तसेच होते. लग्नाच्या वेळी मुलगी नर्स आहे हे लपवत. आता मुलगी नर्स नसेल तर स्थळ मिळत नाही!”

झारखंडची मुलगी सर्वांत धाकटी. सिमडेगा जिल्ह्यातली, खडिया समाजाची. सिमडेगा हे हॉकी खेळणाऱ्या मुलींचे माहेर म्हणून काहींना ऐकून माहीत असेल. तिच्या घरी डोंगरउताराची तीन एकर जमीन, वर्षातून एकच भाताचे पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. बाकी मोहाची फुले वेचायची, चारोळी आणि चिंच गोळा करायची, लाख काढायची. मिशनच्या इस्पितळाला जोडलेल्या शाळेत तिने तीन वर्षांचा जी.एन.एम. कोर्स केला आणि वर्गातली एक मैत्रीण बेळगावला आधी आली होती, तिच्या मागून आली. घरी खडिया, बाजारात सादरी, शाळेत हिंदी, पुस्तके इंग्रजी. आणि इथे येऊन पडली ती मराठी-कन्नडात.

तिने सांगितलेली हकिकत ऐकून हॉल हसत होता, पण हसण्याजोगी ती नव्हती. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईने सांगितले की, “पोटात कालवतंय.” हिने पुस्तकात शिकल्याप्रमाणे दुखण्याच्या रकान्यात खूण केली. वरिष्ठ नर्सने समजावले की कालवणे म्हणजे दुखणे नव्हे, उलटीची भावना. मग तिने एक वही केली. कळ येते ती येते-जाते; ठणका लागतो तो पू झाला की; चमक मारते ती क्षणभर; रग लागते ती ओझे वाहून; आग होते, सलते, टोचते, बधिर वाटते, मुंग्या येतात, भोवंड येते, गरगरते. एकेका शब्दापुढे तिने हिंदीत अर्थ लिहिला आणि डॉक्टरला काय सांगायचे तेही लिहिले. वही आम्हाला दाखवली. पाठपोट एकोणीस पाने भरली आहेत. शेवटच्या दोन पानांवर कन्नड शब्द सुरू झाले आहेत. आम्हाला वाटते, बाहेरून आलेल्या प्रत्येक नर्सला अशी वही आपल्या लोकांनीच करून द्यायला हवी. आपण मात्र “त्या मुलीला काही कळत नाही” म्हणून कुरकुरतो.

आपल्या मुलींनाही भाषेचा त्रास कमी नाही. खानापूर तालुक्यातली जी परिचारिका बोलली ती सातवीपर्यंत मराठी शाळेत. नर्सिंगची पुस्तके इंग्रजी, परीक्षा इंग्रजीत, वॉर्डातले डॉक्टर आपसात कन्नड बोलणारे, रोगी निम्मे मराठी. पहिल्या वर्षी शरीररचनेच्या पेपरात ती नापास झाली. विषय येत होता, लिहिता येत नव्हता. रोज रात्री दहा ओळी इंग्रजी उतरवून काढायची, असा नेम एका शिक्षिकेने लावून दिला. “मी अभ्यास नाही केला, मी कित्ता गिरवला,” असे ती म्हणाली. कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड लिहिता-वाचता आलेच पाहिजे. पलीकडे गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवास आणि कोकणीचे ज्ञान मागतात. सीमेवरच्या मुलीने हे आठवीतच ध्यानात घ्यावे, बारावीनंतर नव्हे.

याच परिचारिकेची एक गोष्ट आमच्या या पानासाठी फार मोलाची आहे. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळीला होती. एका जवान माणसाला घेऊन आले. तोंडातून लाळ, घाम सुटलेला, श्वासाला घरघर, शुद्ध हरपत चाललेली. बरोबरचे लोक सांगत होते, दुपारपासून उलट्या, काहीतरी वाईट खाल्ले असेल. हिने जवळ जाताच वास ओळखला. “आमचे बाबा वांग्यावर फवारणी करून आले की ओसरीत तोच वास. आई त्यांना आत येऊ द्यायची नाही.” तिने डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. डॉक्टरांना तिने तिथल्या तिथे सांगितले की हे फवारणीचे विष वाटते. ॲट्रोपिन सुरू झाले. माणसाचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुतले, कारण औषध कातडीतूनही अंगात जात राहते. चार दिवसांनी तो चालत घरी गेला. त्याने काही पिऊन घेतले नव्हते. गळक्या पंपाने पाठ भिजली होती आणि तसाच तो दिवसभर राबला होता.

तिने मग शेतकऱ्यांना सांगितले ते असे. फवारणीनंतर कुणाला घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे सुरू झाले तर प्रथम कपडे उतरवा, अंग भरपूर पाण्याने व साबणाने धुवा, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा डबा बरोबर घ्या. बाटलीवरचे नाव वाचले की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. लिंबूपाणी, मीठपाणी पाजून उलटी काढू नका. साप चावल्यावरही दोरी करकचून बांधू नका, चिरा पाडू नका. अवयव हलू न देता रोग्याला थेट प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि दुखतही नाही फारसे; पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या तर तो साप समजा. ही माहिती पुस्तकात असतेच. पण तिच्या तोंडून ऐकताना भिंतीला टेकलेले बापे पुढे सरकले, हे आम्ही पाहिले.

आता पैशाची गोष्ट. ही सांगणारी बेळगाव तालुक्यातली, रताळी पिकवणाऱ्या घरातली. आठ-नऊ वर्षांपूर्वी एक ओळखीचा माणूस घरी आला. दूरच्या शहरात एक कॉलेज आहे, प्रवेश नक्की, नोकरी नक्की, फक्त रक्कम आगाऊ भरायला हवी. बापाने वीस गुंठे भातशेती गहाण टाकली. मुलगी गेली. इमारत होती, गणवेश होता, वर्ग होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळले की त्या कोर्सला परिषदेची मान्यताच नाही; परीक्षेला बसता येईना. मूळ दाखले मागायला गेल्या तर राहिलेल्या फीचा हिशेब पुढे केला. दोन वर्षे आणि वीस गुंठे, दोन्ही गेले. घरी आल्यावर तिने तीन महिने घराबाहेर पाऊल टाकले नाही. “लोक विचारत, काय करालीस गे सध्या? मी म्हणायची, सुट्टी आहे.” पुढे मामाने हाताला धरून नेले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जी.एन.एम.ला पुन्हा पहिल्या वर्षापासून बसवले. आज ती शस्त्रक्रियागृहात काम करते. गहाण सुटायला मात्र तिच्या पगाराची चार वर्षे लागली.

आम्ही त्या कॉलेजचे नाव विचारले नाही, आणि ते छापणारही नाही. पण पालकांनी एवढे करावे. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचे नाव, त्याच कोर्ससाठी आणि त्याच वर्षासाठी, आपल्या राज्याच्या परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते स्वतः पाहावे. एका कोर्सला मान्यता असते आणि दुसऱ्याला नसते, असेही घडते. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने झाली. २०२३ साली संसदेने परिचर्या व सूतिका आयोगाचा नवा कायदाही केला. नावे बदलतील, यादी पाहण्याची गरज बदलणार नाही. मोबाईलवर पाहता येते; येत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना विचारा. ‘ओळखीच्या माणसाच्या’ शब्दावर जमीन लिहून देऊ नका. बैल घेताना आपण दात मोजतो, पाठीवर हात फिरवतो, चालवून पाहतो. मुलीच्या बाबतीत मात्र रंगीत कागद पाहून अंगठा उठवतो, याचे आम्हाला नवल वाटते.

पगाराबद्दल विचारले तेव्हा सर्वजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. खाजगी छोट्या रुग्णालयांत आजही फार तोकडे देतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये या प्रश्नात लक्ष घातले, सरकारने समिती नेमली. तिने त्याच वर्षी सांगितले की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासहून लहान असेल तरी महिना २०,००० च्या खाली जाऊ नये. कागद चांगला आहे. रताळीवाल्या घरातली परिचारिका म्हणाली, “माझ्या पहिल्या नोकरीत या आकड्याचे निम्मेही नव्हते. रात्रपाळीला चाळीस रोगी आणि आम्ही दोघी.” अशा ठिकाणी मुली टिकत नाहीत आणि मग आपणच म्हणतो की त्या परदेशाच्या मोहाने जातात.

परदेशाचे म्हणाल तर सातांपैकी एक सौदीहून सहा वर्षांनी परत आली होती, एक जर्मन भाषेचा वर्ग करीत आहे. सौदीहून आलेलीने गाठोडे सोडल्यासारखे सगळे सांगितले. पगार चांगला, सुट्टी कमी, बाप गेला तेव्हा येता आले नाही. घर बांधले. त्या घरात राहायला आई एकटी. २०१४ साली इराकमध्ये तिक्रित शहरात लढाई पेटली तेव्हा ४६ भारतीय परिचारिका तिथे अडकल्या होत्या. त्या जुलैच्या ५ तारखेला कोचीला सुखरूप पोहोचल्या. त्यांतल्या अनेकींच्या डोक्यावर शिक्षणाचे आणि एजंटाचे कर्ज होते, म्हणून त्या धोका माहीत असूनही गेल्या होत्या. त्यानंतर २०१५ पासून आखातातल्या व इतर अशा मिळून अठरा देशांत परिचारिका म्हणून जायचे तर सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते. पर्यटनाच्या व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ, असे जो सांगेल त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. जर्मनीसाठी तिथली भाषा बी-टू म्हणतात त्या पातळीपर्यंत यावी लागते; त्याला वर्षभर कसून अभ्यास लागतो. भाषा शिकणारी म्हणाली की ती पहाटे चार वाजता उठून धडे ऐकते, मग गोठा, मग सातची ड्यूटी. केरळच्या सिस्टरांनी तिला आत्याची एक जुनी जर्मन प्रार्थनेची पुस्तिका द्यायचे कबूल केले आहे.

पुढच्या शिक्षणाच्या वाटा आमच्या लोकांना गुंतागुंतीच्या वाटतात, म्हणून चंदगडकडच्या बाईंनी त्या फळ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या काढून दाखवल्या. सगळ्यांत खाली ए.एन.एम., बारावीनंतर दोन वर्षे, फक्त मुलींसाठी. त्यावर जी.एन.एम., आता तीन वर्षे. मध्यंतरी साडेतीन होती. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के गुण. शेजारी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षे; त्याला बारावी विज्ञान, म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते. जी.एन.एम. झालेलीला दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक कोर्सने बी.एस्सी.च्या पायरीवर चढता येते. त्यावर एम.एस्सी. दोन वर्षे, मग शिकवण्याची वाट किंवा पीएच.डी. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर असा दोन वर्षांचा नवा अभ्यासक्रमही निघाला आहे, आणि २०१८ पासून सूतिकाशास्त्रात अठरा महिन्यांच्या खास शिक्षणाची योजना आहे. जिला लांब जायचे नाही तिच्यासाठी एका वर्षाचे पदविका कोर्स: शस्त्रक्रियागृह, कर्करोग, नवजात बालके, मनोरुग्ण, तातडीची सेवा. ए.एन.एम. झालेलीलाही जी.एन.एम.कडे जाता येते. म्हणजे खालच्या पायरीवर उभे राहिले म्हणून जिना बंद होत नाही. मध्यंतरी जी.एन.एम. बंदच करायची असे वारे होते, ते विरले.

या बाई स्वतः समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. २०१८ पासून उपकेंद्राच्या पातळीवर हे पद निर्माण झाले, जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना सहा महिन्यांचा जादा कोर्स करून तिथे घेतात. सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र असा हिशेब आहे. रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी त्या करतात. “माझ्या वाडीवर पन्नाशीच्या वरच्या बापयांत रक्तदाब नसलेला शोधावा लागतो,” असे त्या म्हणाल्या, “आणि गोळी एक महिना घेतली की बरे वाटते म्हणून सोडतात. नांगर अर्ध्या शेतात सोडतो का आपण?” त्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायचे आहे. तीन वर्षे रजा मागत आहेत. घरी सासूबाई अंथरुणाला, मुलगा सहावीत. यंदाही अर्ज भरणार की नाही, हे त्यांनी सांगितले नाही.

खानापूरच्या परिचारिकेला तातडीच्या सेवेची पदविका करायची आहे. सिस्टरांना वय झाल्यावरही वेदनाशमनाचे शिक्षण घ्यायचे आहे, कारण घराघरांत कर्करोगाचे रोगी शेवटचे दिवस कण्हत काढतात आणि केरळात याची चांगली पद्धत बसली आहे. सिमडेग्याची मुलगी म्हणाली की आधी धाकट्या भावाची बारावी, मग तिचे पुढचे. तिला विचारले, गावाकडे परत जाशील? तिने मान हलवली. तिच्या गावापासून इस्पितळ बावीस किलोमीटरवर आहे, असे ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

काम धोक्याचे आहे हेही झाकून ठेवू नये. केरळात पेरांब्र्याच्या सरकारी इस्पितळातील लिनी पुथुस्सेरी या परिचारिका निपा झालेल्या रोग्याची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडल्या आणि मे २०१८ मध्ये गेल्या. दोन लहान मुले मागे. आणि आपल्याच कारवार किनाऱ्यावरच्या हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईला नर्स होत्या; १९७३ साली रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. तेव्हा मुलीला पाठवताना वसतिगृह कुठे आहे, रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय काय, कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे विचारायला लाजू नका.

शेवटी प्रश्न झाले. एका बाप्याने विचारले, मुलगा चालतो का नर्सिंगला? जी.एन.एम. आणि बी.एस्सी.ला चालतो, आणि अतिदक्षता विभागात मुलगे पुष्कळ आहेत, असे उत्तर मिळाले. तो बसला आणि शेजारच्याच्या कानात काही बोलला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. बारावी कला शाखेची, ५१ टक्के. तिला वाटत होते की विज्ञान नाही म्हणजे दारच बंद. चंदगडच्या बाईंनी फळ्यावरच्या दुसऱ्या पायरीवर खडूने गोल काढला. मुलीचा बाप म्हणाला, “फॉर्म पेरणी झाल्यावर बघू.” रताळीवाल्या घरातली परिचारिका उभी राहिली. “पेरणी चार दिवस मागे गेली तर उगवते, मामा. फॉर्मची तारीख गेली तर वर्ष जाते. माझी दोन गेली.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले की यादी पाहायला बेळगावला कुठल्या कार्यालयात जावे लागते, आणि सोमवारी सकाळची पहिली गाडी धरली तर दुपारपर्यंत परत येता येईल का. सौदीहून आलेली म्हणाली, मीच येते बरोबर, मला तसेही बँकेत जायचे आहे. दाखल्यांच्या झेरॉक्स तीन-तीन काढून आणा.